पैठणीचे फोटो, तीन फ्लॅश आणि एक वायरलेस ट्रिगर : कामाच्या नोंदी

९ ऑगस्ट २०२५

येवल्यात मामांच्या घरी माग आहेत, आणि दसरा-दिवाळीच्या आधी ज्या साड्या विकायला काढायच्यात त्यांचे फोटो नीट काढून द्यायचं काम मी अंगावर घेतलंय. आत्तापर्यंत फोटो मोबाईलवर, अंगणात, उन्हं कलली की काढायचे. पावसाळ्यात ते जमत नाही, शिवाय रोजचा रंग वेगळा, मग गिऱ्हाईक पार्सल उघडून म्हणतं की फोटोत वेगळी दिसत होती आणि साडी परत येते. पैठणी परत येणं म्हणजे दोन्हीकडचं कुरिअर गेलं आणि वर साडीची घडी मोडली. म्हणून आता घरातच, खिडक्या लावून, सगळ्या साड्या एकाच उजेडात काढायच्या असं ठरलंय. नोंदी यासाठी लिहितेय की अजून दोन-तीन विणकर घरांतून विचारणा झालीये, त्यांना पहिल्यापासून खटपट करायला लागू नये.

सामान : कॅमेरा कॅनन ८०डी, ट्रिगर (कॅमेऱ्यावर बसतो आणि दूरच्या फ्लॅशना बिनतारी निरोप पाठवतो) गोडॉक्स एक्सप्रो-सी, मोठा फ्लॅश एडी२०० एक, छोटे टीटी६०० दोन. ट्रिगर नवा, साडेपाच हजारांच्या आसपास पडला. एडी२०० सेकंडहँड सोळा हजारांना मिळाला, टीटी६०० एक घरचाच होता आणि दुसरा साडेतीन हजारांना घेतला. स्टँड तीन, त्यांच्या पायावर ठेवायला वाळूच्या पिशव्या (घरातल्या जुन्या कापडी पिशव्या शिवल्या, खर्च शून्य, पण याशिवाय सुरुवात करू नका, मागाच्या खोलीत सतत कोणीतरी ये-जा करत असतं).

ट्रिगर घेताना एकच गोष्ट आधी बघा, तुमच्या कॅमेऱ्याचा हॉटशू, म्हणजे डोक्यावरची फ्लॅश किंवा ट्रिगर बसवायची खाच. कॅननच्या १५००डी, ३०००डी आणि २००डी मार्क २ या मॉडेलना हॉटशूच्या मधली पिन नाहीये. साधे स्वस्त ट्रिगर त्या मधल्या पिनवरच चालतात, त्यामुळे या कॅमेऱ्यांवर ते चालतच नाहीत. आपल्याकडे हे कॅमेरे घरोघरी आहेत म्हणून लिहिलं. ८०डी ला पिन आहे.

१० ऑगस्ट

आजचा दिवस ओळख करून देण्यात गेला, म्हणजे फ्लॅशची ट्रिगरशी.

एक्सप्रोचा स्क्रीन कॅमेऱ्याच्या मागून बघितला तर तिरका बसवलाय त्यामुळे मान न वाकवता वाचता येतो. डाव्या कडेला पाच बटणं, ए पासून ई पर्यंत, एकेका ग्रुपला (एकत्र निरोप घेणाऱ्या फ्लॅशच्या गटाला) एक. खाली चार बटणं आहेत, त्यांच्यावर स्क्रीनमधे जे लिहून येईल ते त्यांचं त्या वेळचं काम. आणि एक डायल. ग्रुपचं बटण दाबायचं, ती ओळ निवडली जाते, डायल फिरवायचा, ताकद कमी-जास्त होते. कुठलाच ग्रुप निवडलेला नसेल तर डायलने सगळे एकदम वरखाली होतात, हे फार कामाचं आहे, पुढे येईलच.

टीटी६०० वर वायरलेसचं बटण दाबत गेलं की त्याचा स्क्रीन नारिंगी होतो. नारिंगी म्हणजे तो आता ऐकणारा. हिरवा असेल तर तो स्वतःला मालक समजतोय आणि ट्रिगरचं काही ऐकणार नाही. खोलीच्या त्या टोकाला असलेला फ्लॅश ऐकतोय की नाही हे नुसत्या रंगावरून कळतं.

चॅनल एकूण ३२. वस्तीत वायफायची गर्दी आहे आणि हे सगळं २.४ गिगाहर्ट्झवरच चालतं, म्हणून मेनूमधलं स्कॅन चालवलं, ते टक्के मोजत जातं आणि शेवटी मोकळे चॅनल दाखवतं. त्यातला एक घेतला, तिन्ही फ्लॅशना तोच दिला. ग्रुप असे : एडी२०० ला ए, नव्या टीटी६०० ला बी, जुन्या टीटी६०० ला सी.

ए चमकला, बी चमकला, सी काही केल्या चमकेना. चॅनल तोच, ग्रुप तोच, स्क्रीन नारिंगी, सेल भरलेले. दुपार याच्यातच गेली. कारण निघालं वायरलेस आयडी. ट्रिगरला ०१ ते ९९ मधला एक आयडी देता येतो, शेजारी दुसरा कोणी त्याच चॅनलवर असला तरी त्याच्या ट्रिगरने आपले फ्लॅश उडू नयेत म्हणून. मी तो लावला होता, पण जुन्या टीटी६०० च्या मेनूत आयडी हा प्रकारच नाही. त्यामुळे ट्रिगरवर आयडी ऑफ केला आणि लगेच तिन्ही चालू. लग्नाच्या हॉलमधे चार फोटोग्राफर असतील तर आयडी हवाच, पण इथे मामांच्या खोलीत मी एकटीच आहे, चॅनल पुरेसा आहे.

१२ ऑगस्ट

पहिली चाचणी, साडी न लावता. आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता) १००, शटर १/२०० सेकंद, लेन्सचं भोक एफ/८, ट्रिगर बंद, खोलीतली ट्यूब चालू. फोटो पूर्ण काळा आला पाहिजे आणि आला. याचा अर्थ खोलीतल्या ट्यूबचा, पिवळ्या भिंतीवरच्या बल्बचा रंगात काही हात नाही, जो काही उजेड येईल तो फ्लॅशचाच. कोणाला वाटेल ही फुकटची पायरी आहे, पण रंगाची निम्मी भांडणं इथेच मिटतात. ८०डी चा सिंक (फ्लॅशबरोबर चालणारा सगळ्यात जलद शटर) १/२५० पर्यंत जातो, १/२०० वर थोडी जागा शिल्लक राहते.

मग एकेक ग्रुप. मोडचं बटण दाबत गेलं की टीटीएल (ताकद कॅमेरा ठरवतो), मग एम (ताकद आपण हाताने ठरवायची), मग दोन आडव्या रेषा. आडव्या रेषा म्हणजे तो ग्रुप बंद. ए चालू ठेवून बाकी बंद, एक फोटो. बी चालू, बाकी बंद, एक फोटो. सी तसंच.

या सगळ्या कामातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट मला आज कळली ती म्हणजे ट्रिगरच्या स्क्रीनवर जे दिसतं तो फक्त आपण पाठवलेला निरोप आहे. फ्लॅशने तो ऐकला का, ऐकून तेवढाच उजेड दिला का, त्याचे सेल संपलेत का, यातलं काहीही त्या स्क्रीनवर परत येत नाही. उदाहरण आजचंच. ट्रिगरच्या मेनूत कमीतकमी ताकद १/२५६ (म्हणजे पूर्ण ताकदीचा तेवढा भाग) निवडली होती. बी ग्रुप १/१२८ वरून १/२५६ वर आणला, स्क्रीनवर आकडा छान बदलला, फोटोत तसूभरही फरक नाही. टीटी६०० मुळात १/१२८ च्या खाली जातच नाही. एडी२०० सुद्धा १/१२८ पर्यंतच. मेनूमधे स्टेप या नावाखाली ती सेटिंग १/१२८ वर आणून ठेवली, आता स्क्रीन आणि फ्लॅश एकच भाषा बोलतात. तेव्हापासून एक नियम केलाय, प्रत्येक बैठकीच्या सुरुवातीला तिन्ही ग्रुप एकेकटे उडवून बघायचे आणि फोटोत बघूनच खात्री करायची.

१५ ऑगस्ट

साडी लावली. आडव्या बांबूवर पदर सोडला, खाली दोन्ही टोकांना चिमटे. मोकळा फोटो ठीक आला, पण गिऱ्हाईकाला पदरावरचा बांगडी मोर जवळून बघायचा असतो, म्हणून कॅमेरा जवळ नेला आणि बी फ्लॅशचा स्टँड कॅमेऱ्याला जवळजवळ चिकटून. आणि इथून बी मधेच उडेना. एक फोटो बरोबर, पुढचे दोन अंधारे, मग परत बरोबर.

सेल बदलले. चॅनल बदलला. हॉटशू पुसला. बी आणि सी ची अदलाबदल केली तर आता सी दगा देतोय, म्हणजे दोष जागेचा आहे, फ्लॅशचा नाही, हे कळायला संध्याकाळ झाली. स्टँड दोन मीटर मागे नेला की सगळं सुरळीत. ट्रिगर आणि फ्लॅश हातभर अंतरावर असले की सिग्नल फारच जोरात पोचतो आणि ऐकणाऱ्याचा गोंधळ होतो. याची सोय मेनूतच आहे, डिस्ट नावाची सेटिंग, १-१०० मीटर आणि ०-३० मीटर. आपली खोली सगळी मिळून चौदा फूट. ०-३० वर केलं, त्यानंतर जवळूनही एकदाही चुकलं नाही. घरात, टेबलावर, छोट्या वस्तूंचे फोटो काढणाऱ्या प्रत्येकाने हे पहिल्या दिवशीच करून टाकावं.

१७ ऑगस्ट

टीटीएल करून बघितलं, कारण साडी बदलली की ताकद बदलायची कटकट वाचेल असं वाटलं. टीटीएल पैठणीसाठी नाही. पदर भरजरी असला की कॅमेऱ्याला वाटतं समोर फारच चकचकीत काहीतरी आहे, तो उजेड कमी करतो आणि साडी मळकट येते. तीच साडी थोडी सरकवून अंगाची बाजू फ्रेममधे जास्त आली की लगेच उजळ. एकाच साडीचे चार फोटो चार वेगळ्या साड्यांचे वाटावेत असे. शिवाय टीटी६०० ला टीटीएल येतच नाही, तो फक्त मॅन्युअल. ट्रिगरच्या स्क्रीनवर मात्र बी समोर टीटीएल असं व्यवस्थित लिहून येत होतं. वरती १२ तारखेला लिहिलंय तेच परत.

एक उपयोग सापडला. एडी२०० एकट्यावर टीटीएलने एक फोटो काढायचा, मग टीसीएम दाबायचं, कॅमेऱ्याने जी ताकद ठरवली ती एम मधल्या आकड्यात बदलून मिळते. तिथून पुढे हाताने. सुरुवातीचा आकडा शोधायला ठीक आहे, त्याच्यापुढे टीटीएल वापरलेलं नाही.

२० ऑगस्ट

पैठणीची जर, म्हणजे सोनेरी धागा, फोटोत काळी पडतेय. हा या कामातला खरा गुंता.

फ्लॅशवर छोटी छत्री लावली की जरीचे काही धागे पांढरेफटक आणि बाकीचे कोळशासारखे. मोराचा गळा जिथे सोन्यासारखा दिसायला हवा तिथे काळ्या रेघा. मामी मागून बघत होती, म्हणाली, "अगं, ही जर खोटी वाटतेय फोटोत." आणि ती बरोबर बोलत होती.

पहिला उपाय वाचनातून आलेला, फ्लॅशच्या तोंडावर पोलरायझर फिल्म लावायची आणि लेन्सवर सर्क्युलर पोलरायझर आडवा फिरवायचा, चकाकी मरते. फिल्म आणि फिल्टर मिळून बावीसशे रुपये. चकाकी खरंच मेली, इतकी की जर तपकिरी सुतळी झाली आणि रेशमाचं तेजही गेलं. धातूचा रंग म्हणजे त्यावरून परत येणारा उजेडच, तोच अडवला तर मागे काही उरत नाही. चित्रांचे किंवा जुन्या कागदांचे फोटो काढायला ही पद्धत उत्तम आहे, जरीला नाही. बावीसशे रुपये गेले.

दुसरा उपाय चालला. जर आरशासारखी वागते, तिच्यासमोर जे असेल ते ती दाखवते. समोर अंधारी खोली असेल तर जरीत अंधारी खोली दिसणार, म्हणजे काळं. तर समोर मोठं, पांढरं, उजळलेलं काहीतरी हवं. पीव्हीसी पाइपची सहा बाय चार फुटांची चौकट केली (पाइप, एल्बो आणि कापड मिळून आठशेच्या आत), त्यावर कापड ताणलं आणि मागून एडी२००, कापडापासून हातभर लांब, म्हणजे पूर्ण कापड उजळतं. पहिल्यांदा मांजरपाट लावलं, ते पिवळसर असतं, त्यातून आलेला उजेडही पिवळसर. सगळाच उजेड त्यातून आला असता तर ग्रे कार्डने (रंग जुळवायला फोटोत धरायचा करडा पुठ्ठा) सुधारता आला असता, पण बी आणि सी थेट येतात, मग साडीच्या एका बाजूला एक रंग आणि दुसऱ्या बाजूला दुसरा. मांजरपाट काढून पांढरं अस्तराचं कापड लावलं. आता जर पूर्ण रुंदीभर सोन्याची दिसते.

किंमत म्हणजे ताकद. छत्रीला १/१६ पुरत होती, या पडद्यातून एफ/८ ला १/२ लागते.

२३ ऑगस्ट

धूपछांव. ताण्याचा (उभ्या धाग्यांचा) रंग एक, बाण्याचा (आडव्या धाग्यांचा) दुसरा, साडी हलली की कधी हा कधी तो. मामांकडे एक राणी-हिरवी आहे, समोरून बघितली तर राणी, तिरकी धरली की घड्यांच्या कडेने हिरवी झाक सरकते. समोरून एकाच मोठ्या पडद्याच्या उजेडात ती सपाट राणी येते, हिरवा गायब. गिऱ्हाईकाला नुसती राणी दाखवली तर घरी गेल्यावर हिरवी झाक बघून ते विचारणारच.

इथे ग्रुपचा खरा फायदा कळला. बी फ्लॅश साडीच्या कडेला, कापडाला जवळजवळ समांतर, उजेड घसटून जाईल असा ठेवला. साडीला मुद्दाम तीन सैल घड्या दिल्या. ए बंद करून (आडव्या रेषा) फक्त बी वर फोटो काढला तर घड्यांच्या पाठीवर स्वच्छ हिरवा. मग ए चालू, आणि बी हळूहळू चढवत गेले. १/६४ ला हिरवा दिसतच नाही, १/३२ ला अंदाज येतो, १/१६ +०.३ ला दोन्ही रंग आपापल्या जागी. १/८ ला जरीवर पांढरे ठिपके यायला लागले म्हणून मागे आले. स्क्रीनवरचा हा +०.३ म्हणजे स्टॉपचा (उजेड दुप्पट होण्याच्या एका पायरीचा) तिसरा भाग. १/१६ ची १/८ झाली की उजेड दुप्पट, आणि मधल्या दोन पायऱ्या +०.३ आणि +०.७. पहिल्यांदा वाचणाऱ्याला हे बेरजेचं वाटतं.

डायल फिरवताना एका ग्रुपची ओळ बारीक वाटते, तेव्हा तो एकटाच मोठ्या अक्षरात बघायची सोय आहे. मामेबहीण स्टँड हलवत होती आणि मी आकडे सांगत होते, तेव्हा हे फार बरं पडलं.

मामीला फोटो दाखवला, ती साडी हातात घेऊन फोटोशेजारी धरून दोन्हीकडे बघत राहिली आणि मग म्हणाली, "हां, आता ही आपली." फोटो पास झाला की नाही ते मी तिच्याकडूनच ठरवते, मोबाईलवर आणि हातातल्या साडीशेजारी, लॅपटॉपवर नाही, कारण गिऱ्हाईक मोबाईलवरच बघणार.

२५ ऑगस्ट

सेल आणि बॅटऱ्यांबद्दल. ट्रिगरला दोन डबल ए लागतात, टीटी६०० ला चार. मी रिचार्जेबल घातले आणि ट्रिगरच्या स्क्रीनवर बॅटरीचं चिन्ह पहिल्यापासूनच कमी दाखवायला लागलं, नुकतेच चार्ज केलेले असूनही. ते चिन्ह अल्कलाइन सेलच्या व्होल्टेजवर बेतलेलं आहे, रिचार्जेबल मुळातच १.२ व्होल्टचे असतात. त्याकडे लक्ष देऊ नका, दोन जोड्या चार्ज करून ठेवा आणि जेवणाच्या सुट्टीला बदला. टीटी६०० मधे साधे अल्कलाइन घालून बघितले, पुन्हा भरायला फार वेळ घेतात, घाईत पुढचा फोटो अंधारा येतो. बाजारातून आणलेले एक बिननावाचे स्वस्त रिचार्जेबलचे पाकीट दुपारीच मान टाकून बसलं, तीनशे रुपये आणि अर्धा दिवस. चांगल्या कंपनीचेच घ्या.

मेनूत बीप चालू केलं. फ्लॅश भरला की आवाज देतो. ट्रिगर काही परत कळवत नाही, तर निदान कानाने तरी कळावं. स्क्रीनचा लाइट १२ सेकंदात बंद होणारा ठेवला, कॉन्ट्रास्ट थोडा वाढवला, कारण खिडक्या लावलेल्या खोलीत स्टँडच्या बाजूने उभं राहून वाचताना आकडे फिके दिसत होते.

वीज जाते तेव्हा काम थांबत नाही, सगळंच बॅटरीवर. उलट पंखा बंद झाला की पदर हलत नाही. आता वीज असतानाही पंखा बंदच ठेवतो, घाम पुसायला पंचा खांद्यावर.

परवापासून गणपती, माग आणि फोटो दोन्ही बंद.

८ सप्टेंबर

परत सुरू. स्टँडच्या पायांच्या जागा जमिनीवर चिकटपट्टीने आखून ठेवल्या होत्या, त्यामुळे सगळं तासाभरात जागेवर. बसलेले आकडे : आयएसओ १००, १/२००, एफ/८, ए १/२, बी १/१६ +०.३, सी (साडीच्या पाठीमागे लावलेल्या पांढऱ्या पडद्यावर) १/३२. एका साडीचे पाच फोटो ठरवले, पूर्ण पदर, मोर जवळून, काठ, अंगावरची बुट्टी आणि उलटी बाजू. उलटी बाजू मामांनी घालायला लावली, हातमागाची पारख करणारे आधी तीच बघतात. घडी उलगडण्यापासून परत घालेपर्यंत पंचवीस मिनिटं जातात, त्यातली फोटोची जेमतेम सहा-सात, बाकी सगळा वेळ सुरकुत्या काढण्यात.

फिक्या रंगाची साडी आली की प्रत्येक ग्रुप वेगळा बदलायचा नाही. ग्रुपची निवड काढून टाकायची आणि डायल दोन टिचक्या खाली, तिन्ही एकत्र उतरतात, आपसातलं प्रमाण तसंच. मोतिया रंगाला असंच केलं.

जेवून आल्यावर सी उडेना. टीटी६०० ऐकणाऱ्या मोडमधे असला तरी तासाभराने झोपतो (मेनूत ६० किंवा ३० मिनिटं). ट्रिगरच्या स्क्रीनवर सी अर्थातच नेहमीसारखा १/३२. आता जेवून आलं की आधी दोन्ही टीटी६०० च्या पुढचे लाल दिवे लुकलुकताना दिसतात का ते बघायचं, मग साडी उलगडायची.

११ सप्टेंबर

बहुतेक साड्या झाल्या. राहिली ती काळी चंद्रकळा, आणि तिला वरचे आकडे चालत नाहीत. काळं रेशीम उजेड गिळतं, जर तेवढाच परत पाठवते, म्हणून ए वाढवला तर जर फुटते (पांढरीफटक होते) आणि नाही वाढवला तर अंगावरची बुट्टी काळ्यात बुडते. ए १/२ वरच ठेवून बी चढवून बघितला, १/८ पर्यंत, पण जरीवर परत ते ठिपके. आत्ता असं केलंय की बी समोरही अस्तराच्या कापडाची छोटी चौकट लावली, दीड बाय दोन फूट, आणि बी १/४. रेशमाची काळी झळाळी दिसायला लागलीये, ठिपके गेलेत, काठाच्या नारळी नक्षीवर अजून एका कोपऱ्यात चमक जास्त आहे. उद्या बी चा स्टँड अर्धा फूट मागे घेऊन आणि चौकट थोडी खाली करून बघायचं, आणि सी बंद करून एक फोटो, कारण मागचा पांढरा पडदा काळ्या कडेवर सांडतोय असा संशय आहे.